इनटेकचा आकडा

रविवारी दुपारी दोन वाजता, मुलुंडमधली शहाणी माणसं जेवून पंख्याखाली आडवी झालेली असताना, मी आणि माझी मुलगी गाडी घेऊन ट्रॅफिक शोधायला निघायचो. लोक ट्रॅफिक चुकवतात, आम्हाला तो हवा असायचा. सकाळच्या गारव्यात रिकाम्या रस्त्यावर कुठलीही गाडी गुणाने वागते. तिचा खरा स्वभाव कळतो तो भर उन्हात सोनापूरच्या सिग्नलला, पुढे बस आणि मागे पाण्याचा टँकर असताना. मी चालवायचो. ती शेजारी बसून माझ्या फोनवर, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या अॅपमध्ये आकडा बघायची, मोठ्याने वाचायची आणि वहीत लिहायची.

"एकसष्ट."

"हं."

"चौसष्ट."

"एसी चालू आहे ना?"

"आहे. सदुसष्ट."

त्या आठ महिन्यांत आमच्यात जे काही बोलणं झालं ते साधारण एवढंच. मुलगी दहावीला होती. तिची आई, म्हणजे माझी बायको, दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी गेली. दोन वर्षं आजारी होती, त्यामुळे 'अचानक गेली' असं म्हणायचीही सोय नव्हती. सगळ्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. तरी ती गेली तेव्हा मी तिथे नव्हतो. मुलगी होती. एकटी होती.

मला दुःख होत नव्हतं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे. दाढ काढण्याआधी भूल देतात, मग आपलाच गाल हाताला दुसऱ्याचा वाटतो, तसं झालं होतं. मी ऑफिसला जात होतो, भाजी आणत होतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून भांडतही होतो. भांडण तर उलट झकास जमायचं. सेक्रेटरी माझ्या तोंडाला लागेनासा झाला होता. फक्त घरी आल्यावर मुलीशी काय बोलायचं ते सुचत नसे. त्या दिवशी हॉस्पिटलात शेवटी काय झालं, हे मी तिला एकदाही विचारलं नाही. खरं तर तिच्याकडे नीट बघतही नव्हतो. तिच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघून बोलायचो.

गाडीचं मात्र मला सगळं सुचत होतं.

गाडी पांढरी, छोटी, सोसायटीतल्या इतर दहा गाड्यांसारखीच. आत मात्र टर्बोचं इंजिन होतं आणि त्याचा कॉम्प्युटर मी हौसेने नव्याने ट्यून करून घेतला होता. बायको म्हणायची, "बाहेरून बँकेतला कारकून, आतून पैलवान." टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबणारा पंखा. हवा जास्त, म्हणून ताकद जास्त. पण हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक हाताला चटका देतं, तेच इथे. म्हणून टर्बोतून निघालेली गरम हवा इंजिनात शिरण्याआधी थंड करायला गाडीच्या तोंडाशी एक जाळीदार पेटी बसवलेली असते, तिला इंटरकूलर म्हणतात. समोरून वारा आला तर ती पेटी थंड राहते. ट्रॅफिकमध्ये वारा येत नाही. पेटी तापते, हवा तापते, आणि मग इंजिनचा कॉम्प्युटर घाबरून स्वतःच ताकद कापतो. तुम्ही पाय दाबता आणि गाडी म्हणते, नाही जमणार. इंजिनात शिरणाऱ्या या हवेचं तापमान म्हणजे इनटेक. आम्ही वाचायचो तो आकडा हाच.

हे सगळं मी इतक्या प्रेमाने का सांगतोय? कारण त्या दिवशी मुलीचा फोन आला, "बाबा, लगेच ये, डॉक्टर बोलवतायत," तेव्हा मी अंधेरीला ऑफिसात होतो. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर नेहमीप्रमाणे सगळं ठप्प. तासभर इंच इंच सरकत कांजूरमार्गला पोचलो, तिथे रस्ता मोकळा झाला, मी पाय दाबला आणि गाडी ओढेना. मुलुंडच्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा बायकोला जाऊन दहा मिनिटं झाली होती.

घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगितलं. ट्रॅफिक लागला, आणि रस्ता मोकळा झाला तर गाडी ओढेना. माणसं मान हलवायची. मुंबईत ट्रॅफिकवर कोणाचाही अविश्वास बसत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना गाड्यांचं थोडं कळतं. त्यांनी विचारलं, "ओढेना म्हणजे? का?" मी त्यांना इनटेकचं तापमान, इंटरकूलर, सगळं पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. शेजारी भिंतीवर बायकोचा फोटो, त्याला हार, आणि मी हातवारे करून टर्बो समजावतोय. मुलगी पाण्याचा ट्रे घेऊन उभी होती. ते गृहस्थ ग्लास घ्यायचंही विसरले.

तेराव्यानंतर मी कामाला लागलो. आधी साधे उपाय केले. टर्बोजवळून जाणाऱ्या पाइपांना उष्णता अडवणारी पट्टी गुंडाळली. एअर फिल्टरभोवती पत्र्याची पेटी करून घेतली, म्हणजे बॉनेटखालची गरम हवा त्यात शिरणार नाही. एका रविवारी तर चपात्या गुंडाळायची फॉइल घेऊन खाली गेलो. वॉचमन बघत राहिला, पण हसला नाही. ज्याच्या घरात मृत्यू झालाय त्याला पहिले काही महिने कोणी हसत नाही, ही एक सवलत असते.

मुलीला मी बोलावलं नव्हतं. एकटा चालवताना फोनकडे बघता येईना, तेव्हा तीच म्हणाली, "मी वाचते." गणिताची एक अर्धी वापरलेली वही तिने घेतली आणि मागच्या पानापासून रकाने आखले. बाहेरचं तापमान, इनटेक, ठिकाण. दर रविवारी एक पान. भांडुप, सदुसष्ट. विक्रोळी, एकोणसत्तर. घाटकोपर, एकाहत्तर. बोर्डाच्या परीक्षेच्या आदल्या रविवारीही आली. मी "अभ्यास कर" म्हणायला हवं होतं. ते मला दुसऱ्या दिवशी सुचलं.

आकडा खाली येत नव्हता. दोन अंश, तीन अंश, फार तर चार. मी आणखी पट्ट्या गुंडाळायचो.

मार्चअखेरीस पार्ल्याहून मेहुणीचा फोन आला. बायकोची मोठी बहीण. सरळ बोलणारी बाई, त्यामुळे मी तिला टाळत असे.

"अकरावीला तिला पार्ल्याच्या कॉलेजात घालू," ती म्हणाली. "आमच्याकडेच राहील. मुलुंडहून रोज कशाला ये-जा?"

"बघू."

"बघू काय? तिनेच विचारलंय मला."

"तिनेच?"

"हो. 'मावशी, मी तुझ्याकडे राहायला येऊ का?' असं विचारलं. तुला बोलली नाही का?"

मी म्हणालो, "हे गाडीचं एकदा मार्गी लागू दे, मग बघतो."

मग मेहुणी म्हणाली, "गाडीचं?" आणि तिने फोन ठेवला.

संध्याकाळी जेवताना मी मुलीला विचारलं, "तुला पार्ल्याला जायचंय?"

"हो."

"का?"

"कॉलेज चांगलं आहे."

"आणि?"

"आणि काय?" तिने ताट उचललं आणि बेसिनपाशी गेली.

एवढ्या भुलीतही ते मला टोचलं. पोरगी सोडून चालली होती. पार्लं काही परदेश नाही, पण पंधरा वर्षांची मुलगी बापाला न विचारता राहायचं दुसरं घर शोधते, ती शनिवार-रविवारी बॅग घेऊन येणारी पाहुणी होते. मग तीही कमी होते. हे मला स्पष्ट दिसत होतं आणि त्यावर मी काय केलं? मोठा इंटरकूलर बसवायचं ठरवलं.

घाटकोपरला असल्फ्याच्या चढावर माझ्या ओळखीचा एक मेकॅनिक आहे. मूळ कणकवलीकडचा, बाप लालबागच्या गिरणीत होता. चष्मा कायम कपाळावर, तोंड कायम चालू. त्याने माझ्या पट्ट्या आणि पेट्या बघितल्या आणि म्हणाला, "आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. अरे, आधी बंपर उतरवून बघूया तर खरं, मेल्या."

रविवारची सकाळ होती. मुलगी आलीच होती, पण गॅरेजसमोरच्या उसाच्या रसाच्या गाडीपाशी सावलीत उभी होती. मेकॅनिकने बंपर उतरवला आणि शिट्टी मारली.

इंटरकूलरची निम्मी जाळी बुजलेली होती. तपकिरी, चिकट, वाळलेला थर. मला आधी झाडाचा पाला वाटला. त्याने स्क्रू ड्रायव्हरने टोकरलं आणि वर पाण्याचा पाइप धरला. पाणी लागताच वास आला. झेंडूचा.

"गाडीक हार घातलंस काय फास घातलंस रे?" तो हसत सुटला. "तोंड धरलंय बघ तिचा. श्वास खंयसून घेतली?" खंयसून म्हणजे कुठून.

दसऱ्याला गाडीची पूजा आमच्याकडे बायको करायची. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू, आणि पुढच्या जाळीवर झेंडूचा हार. हार काढायचा नाही, सुकून आपोआप पडू द्यायचा, असा तिचा नियम. त्या दसऱ्याला ती हॉस्पिटलात होती. मुलीला तिने पलंगावरून बजावलं होतं, "गाडीला हार घाल, विसरू नकोस." मुलीने घातला. बाजारातला सगळ्यात जाड हार आणला होता, दुपदरी. मी तेव्हा फक्त एवढंच पाहिलं होतं की गाडीला हार आहे. मग चौथा दिवस आला आणि त्यानंतर हाराकडे कोण बघणार? वाळला, गळला. उरलेला दोरा मी तेराव्यानंतर कापून टाकला. पाकळ्या मात्र खालच्या जाळीतून आत गेल्या होत्या, आणि दर वाऱ्यासरशी आणखी आत.

थराखाली मेकॅनिकला तारेचा एक तुकडा सापडला. पातळ हिरवी तार, शाळेत क्राफ्टला वापरतात ती. पोरीने हार तारेने घट्ट बांधला होता.

म्हणजे त्या दिवशी अंधेरीहून निघालो तेव्हा गाडीच्या तोंडावर तो दुपदरी हार होता. हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं, आणि पहिली गोष्ट मनात आली ती अशी की हे तिला कळता कामा नये. मी रस्त्यापलीकडे बघितलं. ती पाठमोरी उभी होती, हातात फोन. तिने बघितलं नाही, असं मी ठरवून टाकलं.

"पाला आहे रे, पिंपळाचा," मी मोठ्याने म्हणालो.

"पिंपळाचा? माका काय आंधळो समजतंस?" मेकॅनिक म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प बसला. ही त्याच्या आयुष्यातली दुर्मीळ घटना असावी. दात घासायच्या ब्रशने आम्ही ती जाळी फटीफटीतून साफ केली. तारेचा तुकडा मी खिशात घातला आणि नंतर सोसायटीच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

त्याच दुपारी आम्ही चाचणीला गेलो. सोनापूरचा सिग्नल, रणरणतं ऊन, पुढे तीन रिक्षा.

"किती?"

तिने फोन थोडा स्वतःकडे वळवला.

"सहासष्ट," ती म्हणाली.

"शक्य नाही."

"सहासष्टच आहे. आता सदुसष्ट."

पुढचे तीन रविवार हेच चाललं. पासष्ट, अडुसष्ट, सहासष्ट. खरं म्हणजे माझ्या पायाला कळत होतं की गाडी बदलली आहे. सिग्नल सुटला की ती पूर्वीसारखी उसळत होती. पण मी पायावर विश्वास ठेवला नाही, आकड्यावर ठेवला. अशा माणसाला आमच्याकडे शिकलेला म्हणतात. मी मेकॅनिकला फोन करून शिव्या घातल्या. त्याने मला परत घातल्या. म्हणाला, "तुझो फोन बिघडलो आसतलो. आकडे तोंडी सांगू नको, लॉग पाठव."

लॉगचं मी विसरूनच गेलो होतो. ते अॅप आकडे नुसते दाखवत नाही, साठवूनही ठेवतं. सोमवारी ऑफिसात डबा खाताना मी ते उघडलं. शेवटचा रविवार, दुपारी दोन वाजून वीस मिनिटं: सेहेचाळीस. मग सत्तेचाळीस. सिग्नलला सर्वांत जास्त, अठ्ठेचाळीस.

घरी गेल्यावर वही घेतली आणि फोन शेजारी ठेवून मागे मागे जात गेलो. वहीत सहासष्ट, लॉगमध्ये सेहेचाळीस. वहीत अडुसष्ट, लॉगमध्ये अठ्ठेचाळीस. तिने प्रत्येक आकड्यात सरळ वीस मिळवले होते. गणित तिचं पहिल्यापासून चांगलं. गॅरेजच्या त्या रविवारपासून हा खेळ सुरू झाला होता. त्याआधी वही आणि लॉग तंतोतंत जुळत होते. एका अंशाचाही फरक नाही.

आधी मला राग आला. महिनाभर मला उल्लू बनवत होती. मग ती तारीख पुन्हा बघितली आणि राग बसला. तिने पाहिलं होतं. रस्त्यापलीकडून सगळं पाहिलं होतं, झेंडूही आणि हिरवी तारही. पाकळ्या काढल्यावर आकडा वीसने उतरला, तर त्या दिवशी गाडी कशाने अडली ते सिद्ध होणार होतं, आणि ते सिद्ध होऊ नये म्हणून ती माझ्या शेजारी बसून, उन्हात, दर मिनिटाला खोटं बोलत होती. आणि त्या पाकळ्या दिसायच्या आधीचे सहा महिने? प्रत्येक आल्यागेल्याला मी सांगत होतो की गाडी ओढली नाही. गाडीला हार कोणी घातला हे तिला तेव्हाही माहीत होतं. मला लाज वाटली. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ती लाज निघाली.

तिच्याशी बोलायला मी आठवडा घेतला. खोलीत समोरासमोर बसून मला बोलता आलं नसतं. गाडीत निदान दोघांनाही समोर बघता येतं.

रविवारी निघालो. भांडुपच्या अलीकडे तिने वाचलं, "अडुसष्ट." एका बंद पडलेल्या कंपनीचं गेट आहे तिथे, गेटसमोर कोणी नसतं. मी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"अठ्ठेचाळीस आहे ना?"

तिने फोन मांडीवर पालथा ठेवला. पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं. मी समोरच्या गंजलेल्या गेटकडे बघत होतो.

"हारामुळे झालं ना?" ती म्हणाली.

"काय?"

"तुला माहितीये काय. मी तारेने बांधला होता. आई म्हणाली होती, नीट बांध, मागच्या वर्षी पुलावर पडला. म्हणून मी तारेने बांधला. डबल." ती भराभर बोलत होती, पाठ केल्यासारखी. "म्हणून गाडी ओढली नाही. तू सगळ्यांना सांगत होतास, मी पाणी देत होते तेव्हा. आणि आई सारखी दाराकडे बघत होती, बाबा. आणि तू तेव्हापासून माझ्याकडे बघत पण नाहीस. मला कळतं ना. म्हणून मी मावशीला विचारलं. मी तिकडे गेले की तुला माझं तोंड बघायला नको."

मी तिला सांगायला लागलो. आकड्यांनीच सांगायला लागलो, दुसरं काही येत नव्हतं. हारामुळे पडलेला फरक किती, तर कांजूरमार्ग ते मुलुंड, रस्ता मोकळा, ताकद थोडी कमी. अर्धं मिनिट. फार तर अर्धं मिनिट गं. दहा मिनिटं नव्हेत.

"म्हणजे झाला ना फरक," ती म्हणाली. "अर्धं मिनिट तर अर्धं मिनिट."

तेव्हा मला समजलं की खऱ्याचा एवढा तुकडा देऊन भागणार नाही. त्या तुकड्यावर ती जन्मभर बसून राहिली असती, आणि मी तिला बसू दिलं असतं.

"तू फोन केलास तेव्हा किती वाजले होते?" मी विचारलं.

"चार वाजून दहा मिनिटं."

"मी खाली पार्किंगमध्ये आलो. गाडीत बसलो. इंजिन चालू केलं, एसी लावला." इथपर्यंत नीट बोललो. पुढचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं, आरशात स्वतःलाही नाही. "आणि बसून राहिलो. वीस मिनिटं. बेसमेंटमध्ये, इंजिन चालू ठेवून. म्हणून ते एवढं तापलं होतं."

"का?"

"घाबरलो होतो. मी निघालो नाही तर काही होणार नाही, असं काहीतरी डोक्यात होतं. म्हटलं, ही घडी जाऊ दे, मग निघू. डॉक्टरांनी बोलावलंय म्हणजे काय ते मला माहीत होतं. मला ते बघायचं नव्हतं. वेळेवर निघालो असतो तर आई जायच्या दहा मिनिटं आधीच पोचलो असतो. तुझ्या हारासकट."

तिचा चेहरा मला दिसत नव्हता, कारण मी अजूनही गेटकडेच बघत होतो. मग मान वळवली. आठ महिन्यांत तिचे गाल बसले होते आणि डोळ्यांखाली आईसारखी काळी अर्धवर्तुळं आली होती. हे सगळं कधी झालं, मला माहीत नव्हतं.

"तू बसून होतास?" ती म्हणाली.

"हो."

"मी तिकडे एकटी होते. आई मला विचारत होती बाबा कुठे. मी सांगत होते, येतोय, येतोय. आणि तू एसी लावून बसून होतास?"

"हो."

"मग इतके दिवस आपण काय मोजत होतो?"

तिने वही उचलली आणि माझ्या दंडावर मारली. मग पुन्हा मारली, जोरात, पुठ्ठ्याची कड लागेल अशी, मग पुन्हा. तोंडाने नुसती "बाबा, बाबा" म्हणत होती आणि रडत होती. आई गेल्यापासून ती माझ्यासमोर रडली नव्हती. वहीची पानं सुटून पायाशी पडली. "मी कुठे जाणार नाहीये," ती ओरडली, "सांग मावशीला, मी कुठेही जाणार नाहीये, कळलं?" आणि परत मारलं.

दुखत होतं. कोपराशी कातडी निघून रक्त आलं होतं आणि ती जागा भणभणत होती. मी हात मागे घेतला नाही.